ऑफिस टाइमचा दाट गालिचा कसा करायचा, आणि तो मधोमध टकला का पडतो

ऑफिस टाइम म्हणजे तेच ते, सुईसारख्या जाडसर पानांचं, जमिनीसरपट पसरणारं, सकाळी नऊ-दहाला फुलणारं आणि दुपारी तीनच्या सुमारास मिटून जाणारं फुलझाड. कोणी चिनी गुलाब म्हणतं, नर्सरीवाले पोर्तुलाका म्हणतात, हिंदी भागात नौ बजिया म्हणतात, आणि तिकडे व्हिएतनाममध्ये पण त्याला दहा वाजताचं फूल असंच नाव आहे. मी पुण्यात गच्चीवर आणि सोसायटीच्या गेटजवळच्या वाफ्यात गेली अकरा वर्षं हे लावतेय. ओळखीतल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच, की फेब्रुवारीत लावलं, एप्रिलमध्ये बघत राहावं असं फुललं, आणि जुलैत बघितलं तर नुसत्या काड्या.

याचं कारण मला तरी एकच दिसतं. आपण हे जास्वंदी-मोगऱ्यासारखं एकदा लावून वर्षानुवर्षं सांभाळायचं झाड समजतो. ऑफिस टाइम मात्र दर चार-पाच महिन्यांनी खुडून, त्याच्याच शेंड्यांपासून परत लावायचं असतं. मेथी संपली की आपण परत पेरतो ना, तसंच. जुनं रोप वाचवत बसायचं नाही, त्याचा नवा शेंडा वाचवायचा. हे एकदा मनाने घेतलं की बाकी सगळं सोपं आहे, म्हणून हा लेख लांबलचक असला तरी सगळा याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी हे झाड आहे कुठलं

मूळ दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा हे शास्त्रीय नाव १८२९ मध्ये विल्यम जॅक्सन हूकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलं. तिकडे ते रेताड, खडकाळ, तापणाऱ्या जमिनीत वाढतं, आणि आपल्याकडे त्याला काय आवडेल याचं उत्तर तिथेच मिळतं.

त्याचे भाऊबंद आपल्या ताटात आहेत. घोळीची भाजी ज्यांनी खाल्लीय त्यांना पानं बघूनच कळेल, घोळ म्हणजे पोर्तुलाकाच. विदर्भात उन्हाळ्यात बाजारात येणारी बारीक पानांची चिवळ पण त्याच घराण्यातली. तीही अशीच जमिनीला चिकटून पसरते.

पाण्याचा साठा पानात आणि खोडात असतो हे तर दिसतंच, पण आत अजून एक व्यवस्था आहे. एरवी हे झाड मका-उसाच्या पद्धतीने अन्न बनवतं, म्हणजे कडक उन्हाचा पुरेपूर फायदा घेतं, आणि पाणी कमी पडायला लागलं की थोडंफार निवडुंगासारखं रात्री पानांची छिद्रं उघडून हवा आत साठवायला लागतं म्हणजे दिवसा पाणी उडून जात नाही. दोन्ही पद्धती एकाच झाडात असणं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. म्हणूनच मे महिन्यात गच्चीवर हात भाजेल अशा कुंडीत ते खुशाल फुलतं.

रंगांचंही सांगून टाकते, कारण यात लोक फसतात. याच्या फुलातला रंग बीट, बोगनवेल, कोंबडा यांच्या जातीचा आहे, त्याला बीटालेन म्हणतात. त्यात राणी, लाल, केशरी, पिवळा, गुलाबी आणि रंगच नसेल तर पांढरा एवढं सगळं येतं, पण निळा येत नाही. ऑनलाइन निळ्याशार पोर्तुलाकाचे फोटो लावून बी विकतात ते घेऊ नका, पैसे वाया जातील.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक सुईसारख्या पानांचा, त्यात सिंगल म्हणजे पाकळ्यांच्या एकाच ओळीचा आणि गुलाबासारखा भरगच्च डबल दोन्ही असतात. दुसरा चपट्या, घोळीसारख्या पानांचा, फूल बहुतेक पाच-सहा पाकळ्यांचं आणि चकचकीत. चपट्या पानाचा जरा जोमाने वाढतो आणि लांब लोंबतो, म्हणून टांगत्या कुंडीला चांगला. जमिनीवर दाट गालिचा हवा असेल तर माझं मत सुईच्या पानाचा, कारण तो बुटका राहतो, फार तर १० ते २० सेंटिमीटर उंच, आणि एकेक रोप फूटभर पसरतं. दोन्हींची निगा सारखीच.

जागा

रोज सहा तास थेट ऊन हवं. थेट म्हणजे थेट, काचेतून नाही, ग्रीननेटखाली नाही, समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवरून येणारा उजेड नाही. चार तासात जगेल पण लांबुडकं होईल आणि फुलं हाताच्या बोटांवर मोजायची. ढगाळ दिवशी तर फुलं उघडतच नाहीत, कळी तशीच मिटलेली राहते, त्यात तुमची काही चूक नसते. आणि प्रत्येक फूल एकाच दिवसाचं असतं, दुसऱ्या दिवशी जे दिसतं ते नवीन. फ्लॅटच्या गॅलरीत लावणार असाल तर पूर्व-पश्चिमपेक्षा दक्षिणेची गॅलरी बघा, आणि कुंडी कठड्याच्या आतल्या सावलीत न ठेवता कठड्याच्या उंचीला येईल अशी आतल्या बाजूने स्टँडवर ठेवा, बाहेर लटकवू नका, खाली माणसं असतात.

जमिनीत लावायचं तर उताराची, कडेची, फरशीच्या फटींची, भिंतीच्या पायथ्याची जागा उत्तम. माझी मावशी रत्नागिरीला असते, तिच्या अंगणाला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आहे. त्या चिऱ्यांच्या सांदीत मूठमूठ माती भरून तिने शेंडे खोचले होते आणि आठ महिने तो गडगा असा दिसायचा की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची. सांदीत पाणी थांबतच नाही, ऊन भरपूर, चिरा तापतो, यापेक्षा चांगली जागा नाही. फक्त जिथे छपराच्या पागोळ्या पडतात ती ओळ सोडा. एसीचं पाणी ठिबकतं तीही जागा सोडा.

एक गैरसमज दूर करते, हे लॉनला पर्याय नाही. याच्यावरून चालता येत नाही, खोड कटकन मोडतं. लहान मुलं खेळतात किंवा कुत्रा फिरतो तिथे लावू नका. कुत्र्या-मांजरांना हे चघळायला देणं तसंही चांगलं नाही, याच्यात ऑक्झॅलेट असतात.

माती, इथे थोडा वेळ द्या

पहिल्या वर्षी मी गावाकडची शेतातली काळी माती आणली होती, मनात एकच की कापूस येतो तिथे काहीही येईल. ती माती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते, आणि मधल्या काळात मुळांना हवाच मिळत नाही. वीस रोपं बसवली होती, महिन्याभरात सगळी बुडातून काळी पडून आडवी झाली. नर्सरीतली लाल माती दिसायला मोकळी असते पण दोन-तीन महिने पाणी घातलं की तीही विटेसारखी घट्ट बसते. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ओल इतकी धरून राहते की पावसाळ्यात काही खरं नाही.

आता मी असं करते. २ भाग साधी माती, २ भाग जाडसर वाळू किंवा चाळलेला मुरूम, १ भाग गांडूळ खत किंवा नीट कुजलेलं जुनं शेणखत. बारीक पिठासारखी वाळू नको, ती मातीचं सिमेंट करते, धुतलेली आणि तांदळाच्या दाण्याएवढी हवी. मुरूम आपल्याकडे फुकट मिळतो आणि मला वाळूपेक्षाही आवडतो. १० लिटरच्या बादलीला एक मूठ निंबोळी पेंड. झालं. हे मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडून बोटाने टोचायचं, गोळा फुटला पाहिजे, नाही फुटला तर अजून मुरूम घाला.

खोली जास्त लागत नाही, मुळं वरवरच असतात, चार ते सहा इंच पुरे. त्यामुळे गच्चीवर वजनाचा प्रश्न येत नाही, आणि पसरट काहीही चालतं, भाजीचे क्रेट, मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके, फुटके टब, करवंट्या सुद्धा. मात्र तळाला भोकं भरपूर पाहिजेत. थर्माकोलच्या खोक्याला मी दहा-बारा भोकं पाडते आणि खोकं विटांच्या तुकड्यांवर थोडं उचलून ठेवते म्हणजे पाणी खालून निघून जातं. खोल कुंडीत उलट खालची माती दिवसेंदिवस ओली राहते, म्हणून मोठ्या ड्रममध्ये हे लावू नका. मोठ्या झाडाच्या कुंडीत बुडाशी शोभेला लावायची फॅशन आहे, त्यातही अडचण अशी की त्या झाडाला लागतं तेवढं पाणी याला झेपत नाही. कमी पाण्यावर जगणाऱ्या अडेनियमच्या कुंडीत जमतं, गुलाबाच्या कुंडीत नाही.

जमिनीत वाफा करायचा असेल आणि जमीन काळी असेल तर खणून सुधारत बसू नका, विटा किंवा दगड लावून सहा इंच उंच वाफा करा आणि त्यात हे मिश्रण भरा.

रोप घेणं

नर्सरीत सकाळी अकराच्या सुमारास जा. संध्याकाळी गेलात तर सगळी फुलं मिटलेली, रंग कळणार नाही आणि नर्सरीवाल्याच्या शब्दावर घ्यावं लागेल. उरुळी कांचनकडे नर्सऱ्यांची रांगच आहे, तिथे होलसेलमध्ये मिळतात. फुलांपेक्षा बुड बघा, खोड बुडाशी हिरवं किंवा लालसर आणि कडक हवं, काळपट-मऊ असेल तर ते रोप आठवड्याचं पाहुणं आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर घेऊ नका, तो मिलीबग, तुमच्या सगळ्या गच्चीवर जाईल.

किती घ्यायची? जमिनीवर सहा-सहा इंचावर एक शेंडा लावायचा, म्हणजे एका चौरस फुटाला चार. १० चौरस फुटाच्या वाफ्याला ४० शेंडे. एका बऱ्यापैकी रोपातून १५ ते २० शेंडे निघतात, म्हणजे तीन रोपांत वाफा होतो. चाळीस रोपं विकत घ्यायची काहीच गरज नाही. शेजाऱ्याकडे असेल तर तीही गरज नाही, हे झाड मागून आणायचंच असतं.

शेंडे लावायची पद्धत

वेळ बघा. आपल्याकडे दोन चांगले मुहूर्त, एक फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर, दुसरा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये पण लागतं पण सुरुवातीला सावली द्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत मुळं धरायला फार वेळ घेतं.

शेंडा तीन-चार इंचाचा घ्या, हिरवा, कोवळा पण लिबलिबीत नाही, आणि शक्यतो कळी नसलेला. कळी असेल तर खुडून टाका, मन घट्ट करून, कारण फूल आणि मूळ दोन्ही एकदम करायला त्या तुकड्याकडे ताकद नसते. खालच्या एक इंचावरची पानं काढा. आता हे तुकडे लगेच मातीत खोचायचे नाहीत. कागदावर पसरून सावलीत अर्धा दिवस ते एक दिवस ठेवा, कापलेली जागा सुकून खपली धरते आणि मग मातीतली बुरशी आत शिरत नाही. बाटलीतल्या पाण्यात ठेवून मुळं काढतात काही लोक, निघतात पण, फक्त ती मुळं नाजूक असतात आणि मातीत गेल्यावर रोप परत मान टाकतं. मुळं फुटायला लावतात त्या रूटिंग पावडरची गरज नाही.

माती आदल्या दिवशी ओली करून ठेवा म्हणजे लावताना फक्त दमट असेल. काडीने भोक पाडा, इंचभर शेंडा आत सोडा, बोटाने दाबा. काडी न वापरता शेंडाच दाबला तर तो मोडतो. लावल्यावर लगेच पाण्याचा मारा करू नका, दोन दिवसांनी हलकं शिंपडा. कुंडी असेल तर चार-पाच दिवस उजेडात पण कडक ऊन टाळून ठेवा, वाफा असेल तर संध्याकाळी लावा आणि वर जुनी ओढणी किंवा नेट चार दिवस बांधा. ७ ते १० दिवसांत मुळं धरतात. कळतं कसं, तर शेंडा हलका ओढून बघितला की धरून ठेवल्यासारखा वाटतो आणि टोकाला नवीन पोपटी पानं दिसतात. तीन-चार आठवड्यांत पहिली फुलं.

कबुतरं पुण्या-मुंबईत मोठी डोकेदुखी, ताजे लावलेले शेंडे उपटून टाकतात. मी क्रेटवर सुरुवातीचे पंधरा दिवस जाळी टाकते, मुळं धरल्यावर काढते.

रंगांबद्दल माझी आवड सांगते, पटलं तर घ्या. सगळे रंग मिसळून लावले की लांबून नुसते ठिपके दिसतात. एकेका रंगाचा निदान दोन-तीन चौरस फुटांचा पट्टा ठेवला, पिवळ्याशेजारी राणी, त्याच्याशेजारी पांढरा, की दहा वाजता गच्चीचं दार उघडल्यावर जे दिसतं त्यासाठी ही सगळी मेहनत आहे.

पाणी

पान बघून पाणी घालायचं, वार बघून नाही. पान टम्म आणि चमकदार असेल तर काही घालू नका. पान निस्तेज, जरा सुरकुतलेलं, दोन बोटांत दाबलं तर मऊ लागलं की द्या, आणि द्यायचं तेव्हा भरपूर द्या, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज घोट-घोट देणं सगळ्यात वाईट, वरचा थर कायम ओला आणि खाली कोरडं. अंदाजाने सांगायचं तर जमिनीतल्या वाफ्याला हिवाळ्यात आठवड्याने, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी. उथळ क्रेट किंवा करवंटी असेल तर मे महिन्यात रोज लागू शकतं, कारण ती मातीच दोन मुठी असते. नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा उथळ कुंड्यांना सकाळी पाणी आणि दुपारी दोननंतर थोडी सावली असं करा, झाड नाही मरत पण कळ्या वाळतात.

कमी पाण्याने सुरकुतलेलं झाड एका दिवसात परत उभं राहतं. जास्त पाण्याने पिवळं पडून पानं गाळणारं झाड मात्र बहुतेक वेळा हातचं जातं. तेव्हा शंका असेल त्या दिवशी पाणी घालू नका. बुड काळं पडायला लागलं की औषधं शोधू नका, लगेच वरचे चांगले शेंडे कापा, सुकवा, कोरड्या नवीन मातीत लावा. बाकीचं फेकून द्या. शेंडा वाचला की झाड वाचलं.

झारीने वरून फुलांवर पाणी टाकू नका, उघडलेलं फूल लगेच गळाठतं. सकाळी फुलं उघडायच्या आधी, बुडाशी.

खुडणं, हाच सगळा खेळ

आता टक्कल का पडतं ते. कळ्या फक्त फांदीच्या टोकाला येतात. फांदी बाहेरच्या बाजूला पळत राहते, फुलं तिच्याबरोबर बाहेर जातात, मधली जुनी खोडं वरच्या गर्दीमुळे सावलीत येतात, त्यांची पानं गळतात, खोड तपकिरी आणि काष्ठासारखं होतं. मग कडेला फुलांची झालर आणि मधे काड्यांचा घोळका. खत घालून हे भरून येत नाही, पाणी वाढवून तर अजिबात नाही, उलट तिथूनच कुजायला सुरुवात होते.

म्हणून लावल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी, नवीन वाढ दिसली की प्रत्येक रोपाचं टोक अर्धा इंच खुडा. एका फांदीच्या तीन-चार होतात. परत दोन आठवड्यांनी तेच. या महिनाभरात फुलं कमी मिळतात, पण दाटपणा इथेच ठरतो आणि बरेच लोक नेमके इथे कच खातात.

त्यानंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी कात्रीने छाटणी. जमिनीपासून दोन-अडीच इंच ठेवून वरचं कापा, आणि कापल्यावर खाली थोडी हिरवी पानं राहिली पाहिजेत, नुसतं उघडं तपकिरी खोड ठेवलं तर ते फुटेलच असं नाही. सगळा वाफा एका दिवशी भादरू नका, अर्धा आज, अर्धा पंधरा दिवसांनी, म्हणजे फुलं चालू राहतात. कापलेले शेंडे फेकायचे नाहीत, सुकवून त्याच वाफ्यात जिथे जिथे मोकळं दिसतं तिथे खोचायचे, सोबत मूठभर नवीन मिश्रण. असं केलं की गालिचा आपोआप आतून नवा होत राहतो.

आणि चार-पाच महिने झाले, खोडं बोटाएवढी जाड दिसायला लागली, की सगळं उपटा. खरंच उपटा. शेंडे काढून घ्या, माती उकरून उन्हात दोन दिवस तापवा, थोडं खत मिसळा आणि नव्याने लावा. तासाभराचं काम आहे आणि त्यानंतर महिन्याने जो वाफा मिळतो तो दोन वर्षं जपलेल्या जुन्या रोपाला कधीच येत नाही.

खत

कमीच. नत्र जास्त झालं की पानं माजतात, फांद्या लिबलिबीत होतात, फुलं रुसतात. युरिया तर अजिबात नको. महिन्यातून एकदा कुंडीला मूठभर गांडूळ खत पुरतं. छाटणी झाल्यावर हवं तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम विरघळवून एकदा द्या, त्याहून पातळ झालं तरी चालेल. चुलीची किंवा बंबाची राख असेल तर चिमूटभर मातीत मिसळा, त्यातून पोटॅश मिळतं. केळीच्या सालांचं आंबवलेलं पाणी, तांदळाचं धुणं वगैरे मी याला घालत नाही, ओल राहते आणि चिलटं होतात.

कीड

सगळ्यात त्रास मिलीबगचा. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. जास्त असेल तर तेवढ्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाका आणि उरलेल्यावर निंबोळी तेल ५ मिली, द्रव साबणाचे काही थेंब, एक लिटर पाणी असं संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. दुपारी फवारलं तर मांसल पानं भाजतात. आणि फुलं उघडी असताना कधीच फवारू नका, कारण सकाळी या फुलांवर फुलोरी आणि सातेरी मधमाश्या भरभरून येतात. फुलातल्या पुंकेसरांना काडीचं टोक हळूच लावून बघा, ते हलतात, स्पर्श झाला त्या बाजूला झुकतात, मधमाशी बसली की तेच होत असतं. मुलांना दाखवायला फार छान आहे.

पाऊस सुरू झाला की गोगलगाई. रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं हाच उपाय मला पटलाय, हातात पिशवी घालून.

काट्याकाट्यांची गडद अळी दिसली तर मारायची घाई नका करू. छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराच्या अळ्या घोळीच्या कुळावर वाढतात. नर काळा, त्यावर जांभळट झाक असलेले मोठे पांढरे ठिपके, आणि मादी हुबेहूब रुईवर वाढणाऱ्या त्या केशरी फुलपाखरासारखी. मी अशा अळ्या उचलून कोपऱ्यातल्या घोळीवर सोडते.

घोळ वाफ्यात आपोआप उगवतेच. पान चपटं, फूल इवलंसं पिवळं. औषध मारलेलं नसेल तर उपटून मुगाच्या डाळीत घाला. फक्त खोड मोडून बघा, पांढरा चीक निघाला तर ती घोळ नाही, तिच्यासारखंच पसरणारं दुधी नावाचं तण आहे (दुधी भोपळा नव्हे), ते खायचं नाही.

पावसाळा

इथे सगळ्यात जास्त रोपं जातात. मेअखेर, पहिल्या पावसाच्या आधी, प्रत्येक रंगाचे दहा-दहा शेंडे काढून छोट्या कुंड्यांत लावा, त्या मिश्रणात मुरूम अजून एक भाग वाढवा, आणि कुंडीवर काडीला रंगाचं नाव बांधा कारण तीन महिने फूल दिसणार नाही आणि तुम्ही विसराल. या कुंड्या उजेड मिळेल पण पाऊस पडणार नाही अशा जागी, गॅलरीच्या छताखाली, पारदर्शक पत्र्याखाली. पाणी दहा-बारा दिवसांनी चमचा-दोन चमचे. वाढ होणार नाही, लांबुडकी दिसतील, चालेल, फक्त जिवंत राहायला हवीत. हे आपलं बियाणं.

बाहेरचा वाफा पुण्यात उंच असेल आणि पाणी निघून जात असेल तर अर्धाअधिक वाचतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथे वाफ्याची आशा धरू नका. मावशी गडग्यावरचं सगळं जूनमध्ये खुडून दोन टबांत पडवीत आणते आणि दसऱ्याच्या आसपास परत सांदीत खोचते, दरवर्षी. मावशीचा राणी रंग असाच पिढ्यान् पिढ्या, खरं तर तुकड्या-तुकड्याने, पंधरा वर्षं चालत आलाय.

बी

सिंगलला बी भरपूर धरतं, डबलला कमी, कारण डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फूल गेल्यावर छोटं बोंड येतं, ते पिकलं की त्याची टोपी निघून पडते आणि आत राखाडी, चमकदार, खसखशीहूनही बारीक दाणे. टोपी सैल झाली की सकाळीच कागदात झटकून घ्या, नाहीतर सगळं मातीत. पेरताना कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरवा, तळहाताने दाबा, मातीने झाकू नका, बियांना उगवायला उजेड लागतो. फवाऱ्याने ओल ठेवा. २५ अंशांच्या आसपास आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं, फुलायला दीड-दोन महिने. पण बियांपासून आईचाच रंग येईल याची खात्री नसते, डबलच्या बियांतून सिंगल पण निघतात. माझ्याकडे आपोआप पडून उगवलेल्यांत राणी रंगाचा सिंगलच सगळ्यांवर चढतो, म्हणून आवडता रंग टिकवायचा तर शेंड्यानेच.

अमेरिकेत वगैरे असलेल्यांनी मात्र बीच धरावं. माझी भाची न्यू जर्सीत लावते, तिकडे हिमकडाका पडला की झाड एका रात्रीत संपतं, मग ती मे महिन्यात थंडी गेल्यावर पेरते आणि ऑक्टोबरपर्यंत फुलं घेते. आपल्याकडे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत फक्त मंदावतं, फुलं छोटी आणि उशिरा उघडतात, पाणी कमी करा आणि फेब्रुवारीपर्यंत छाटणी करू नका.

शेंडे लांब पाठवायचे असतील तर ओल्या कापसात गुंडाळू नका, सगळं काळं होऊन पोचतं. कापून एक दिवस सावलीत सुकवा, कोरड्या वर्तमानपत्रात रंगाप्रमाणे वेगळ्या पुड्या करा, पुडीवर रंग लिहा, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात घाला. मी नागपूरला नणंदेकडे कुरियरने पाठवले होते, सहा दिवसांनी पोचले, पानं चिमलेली होती पण तिने तसेच लावले आणि पंचवीसपैकी एकवीस लागले.